गोव्याचं गाव, मुंबईची रात्र: आपल्या जॅझ वादकांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. शाळेतून धोबीतलावावरून परतताना वरच्या मजल्यावरच्या एखाद्या खिडकीतून ट्रम्पेटचा रियाज ऐकू यायचा. वाजवणारा कोण हे तेव्हा कधी विचारलं नाही, याची चुटपुट अजून आहे. गेली काही वर्षं मी मित्रांच्या घरी जुन्या रेकॉर्ड ऐकवतो आणि त्या वादकांबद्दल बोलतो. तिथे पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

जॅझ हे अमेरिकेचं संगीत. मग ‘आपले’ जॅझ वादक म्हणजे कोण?

१९३० च्या दशकापासून मुंबईतल्या हॉटेलांत, क्लबांत आणि सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये जॅझ वाजवणारे, बहुतेक गोव्याच्या खेड्यांतून आलेले वादक. अल्दोना, मडगाव, माजोर्डा, नेवरा, रेइश मागुश, कुडचडे अशी त्यांची गावं. त्यांच्या घरात कोकणी बोलली जायची, शाळेत पोर्तुगीज किंवा इंग्रजी. ज्यांच्यासाठी वाजवायचं ते संगीतकार पुष्कळदा मराठी, पंजाबी नाही तर बंगाली असत. चार भाषांमधून वाट काढत त्यांनी जे वाजवलं ते आपण लहानपणापासून ऐकतोय. फक्त त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत.

मुंबईत जॅझ नेमका कधी आला?

नाचाच्या तालावर वाजणारे बँड आधीपासून होते. पण खऱ्या अर्थाने फरक पडला १९३५ साली. लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. पुढच्या वर्षी ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला. पाठोपाठ टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक. हा शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या काळात गाजलेला आणि शांघायमध्ये अनेक वर्षं राहिलेला माणूस. वेदरफर्डने इथल्या वादकांना आपल्या बँडमध्ये घेतलं, आणि १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला. अमेरिकेत या लोकांना ज्या हॉटेलच्या पुढच्या दाराने आत जायला मिळत नसे, तशाच हॉटेलात इथे ते मुख्य आकर्षण होते. त्यांच्यासमोर बसून ऐकणाऱ्यांत आणि त्यांच्या शेजारी बसून वाजवणाऱ्यांत गोव्याची तरुण मुलं होती.

१९३९ पासून ताजच्या बँडची सूत्रं मिकी कोरिया यांच्याकडे आली आणि दोन दशकं त्यांच्याकडेच राहिली. एकाच हॉटेलात वीस वर्षं, जवळजवळ रोज रात्री! इतका सलग रियाज किती कलावंतांच्या वाट्याला येतो?

पण गोव्याचीच माणसं इतकी का?

हा प्रश्न सर्वात जास्त वेळा येतो. ‘गोव्याच्या लोकांच्या रक्तातच संगीत असतं’ हे उत्तर मला मान्य नाही. ते ऐकायला गोड आहे, पण त्यामागचे कष्ट आणि शिस्त त्यात पुसली जाते.

खरं उत्तर शाळेत आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून चर्चला जोडून गावोगावी शाळा काढल्या. त्या शाळांत प्रार्थनेबरोबर संगीत शिकवलं जायचं. शिकवणाऱ्याला ‘मेस्त्र’ म्हणत. मेस्त्र आधी वाद्य हातात देत नसे. आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर हाताने ताल देत तोंडाने म्हणायचे. पाच रेघांवरचा ठिपका दिसला की तो कुठला स्वर आणि किती मात्रांचा, हे आठ-नऊ वर्षांच्या पोराला झोपेतही सांगता आलं पाहिजे. मग व्हायोलिन. त्यानंतर ज्याला जे जमेल ते: क्लॅरिनेट, ट्रम्पेट, डबल बेस. रविवारी चर्चमध्ये गायकवृंदाबरोबर साथ, गावच्या फेस्तला मिरवणुकीत बँड, लग्नात मांडो, आणि तियात्रात नाटकाची गाणी. म्हणजे पंधराव्या वर्षी मुलगा गाव सोडायचा तेव्हा चार प्रकारची वाजवण्याची कामं त्याने आधीच केलेली असायची.

आपल्याकडे गुरुमुखातून, कानाने शिकण्याची परंपरा. ती श्रेष्ठच आहे, पण तीस माणसांना एका वेळी, एकदाही न ऐकलेली गोष्ट अचूक वाजवायची असेल तर कागद वाचता यावा लागतो. मुंबईला नेमकी त्याची गरज होती. मूकपटांच्या थिएटरात पडद्याखाली बसून वाजवायला, लष्कराच्या आणि पोलिसांच्या बँडला, संस्थानिकांच्या दरबारी बँडला, हॉटेलांना आणि शेवटी बोलपटांना वाचणारे वादक हवे होते. गोव्यात शेतीवर भागत नव्हतं आणि नोकऱ्या नव्हत्या. वाद्याची पेटी घेऊन पोरं निघाली ती मुंबईला, कराचीला, लाहोरला, कोलकात्याला, रंगूनला.

मुंबईत नवखा वादक राहत कुठे असे? काम कसं मिळायचं?

कुडात. ‘कूड’ म्हणजे एकेका गावाचा क्लब. मोठी खोली, भिंतीला लागून लोखंडी ट्रंका, वर देवाची मूर्ती, रात्री सामुदायिक रोझरी, आणि भाडं अगदी थोडं. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी आणि वादक सगळे तिथेच. धोबीतलावावर मेट्रो सिनेमाजवळच्या जेर महाल या इमारतीत असे कितीतरी कूड होते, आणि काही आजही आहेत. काम तोंडी मिळे. कुठल्या बँडला दुसरा ट्रम्पेट हवा आहे, उद्या ताडदेवच्या स्टुडिओत किती व्हायोलिनं लागणार, हे आधी कुडात कळायचं. गावातल्याच कुणीतरी आधी येऊन पाय रोवलेला असायचा, तो नव्या पोराला हाताला धरून न्यायचा. आपल्या कोकणातल्या चाकरमान्यांच्या गिरणगावातल्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

या सगळ्यांची नावं इंग्रजी का?

खरी नावं वेगळी होती. चिक चॉकलेट म्हणजे अल्दोन्याचे अँतोनियो झेवियर वाझ. फ्रँक फर्नांड म्हणजे फ्रँकलिन फर्नांडिस. ख्रिस पेरी यांचं आडनाव परेरा. सॅक्सोफोनवादक रुडी कॉटन हे पारशी, मूळ नाव कावसजी खटाव. पियानोवादक डिझी साल म्हणजे एडवर्ड सालढाणा. लुई बँक्स यांचा जन्म दार्जिलिंगच्या नेपाळी कुटुंबातला, पाळण्यातलं नाव डंबर बहादूर. त्यांचे वडील ट्रम्पेट वाजवत. त्यांनी आधी स्वतःचं नाव जॉर्ज बँक्स केलं आणि मुलाचं नाव लुई आर्मस्ट्राँगवरून ठेवलं.

हॉटेलच्या फलकावर परदेशी वाटणारं नाव गिऱ्हाईक खेचायचं, हे एक कारण. पण मला वाटतं त्यात प्रेमही होतं. आपल्याकडे शिष्य गुरूच्या घराण्याचं नाव लावतो. यांचे गुरू रेकॉर्डवर होते, सात समुद्रांपलीकडे.

जॅझ त्यांना शिकवला कुणी?

स्वरलिपी वाचता येणं म्हणजे जॅझ येणं नव्हे. जॅझमधला मुख्य भाग कागदावर नसतोच. एका गाण्याची चौकट घ्यायची, बहुधा बत्तीस बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट), आणि ती चौकट आवर्तनासारखी फिरत असताना वादकाने त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं. बंदिश धरून बढत करावी तसं. फरक असा की इथे आवर्तनाबरोबर खालचे स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, सतत बदलत असतात आणि त्या बदलांवरून उडी मारत पुढे जायचं असतं.

हे ते रेकॉर्ड ऐकून शिकले. सुई परत परत त्याच जागी ठेवायची, चार बार ऐकायचे, वाजवून बघायचे, जमेपर्यंत. युद्धकाळात अमेरिकन सैनिक मुंबईत आणि कोलकात्यात होते. त्यांच्याबरोबर नव्या रेकॉर्ड आल्या आणि वाजवणारे सैनिकही आले. पुढे १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेक आणि १९६३ मध्ये ड्यूक एलिंग्टन यांचे दौरे झाले. ब्रुबेकने डिझी सालचं वादन ऐकलं आणि त्याला अमेरिकेत शिकायला जाता यावं म्हणून मदत केली. १९५९ मध्ये तो लेनॉक्सच्या जॅझ शाळेत आणि पुढे बॉस्टनच्या बर्कली या संगीतशाळेत पोहोचला. पण तो अपवाद. बाकीच्यांची शाळा ग्रामोफोनच होती.

मग क्लब का ओसरले?

मुंबई राज्यात १९५० पासून कडक दारूबंदी आली आणि हॉटेलांची रात्रीची कमाई आटली. गोरे अधिकारी आणि संस्थानिक हे गिऱ्हाईकही स्वातंत्र्याबरोबर गेलं होतं. तरी जॅझ संपला नाही. चर्चगेट स्ट्रीटवर, म्हणजे आजच्या वीर नरिमन रोडवर, आणि आसपास ॲस्टोरियाचं ‘व्हेनिस’, अँबॅसेडर, रिट्झ, गेलॉर्ड इथे साठच्या दशकातही बँड वाजत होते. पण पोट भरायला दिवसाचं काम लागायला लागलं होतं.

दिवसाचं काम म्हणजे सिनेमा. तिथे ते नेमकं काय करत?

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण ‘वाद्यवृंदात वाजवायचे’ एवढ्यावर हा विषय बहुतेकदा संपवला जातो.

संगीतकार पेटीवर चाल बांधायचा. मुखडा, अंतरे, शब्द बसले. पण गाणं सुरू होण्याआधीचं संगीत, मुखडा आणि अंतरा यांच्यामधले तुकडे, गायिका दम घेते तेव्हा मागून येणारी व्हायोलिनची ओळ, शेवट, हे सगळं कुणीतरी बसून लिहायला लागतं. वीस व्हायोलिनं, दोन चेलो, एक डबल बेस, मँडोलिन, सॅक्सोफोन, ॲकॉर्डियन, ढोलक, तबला, या प्रत्येकाला कधी वाजायचं आणि कधी गप्प राहायचं हे ठरवायला लागतं. ते काम अरेंजरचं. स्टुडिओच्या भाषेत मधल्या तुकड्यांना ‘पीस’ म्हणत आणि गायकीच्या मागून उलट दिशेने वाहणाऱ्या ओळीला ‘काउंटर’.

सेबॅस्टियन डिसूझा हे यातलं सर्वात मोठं नाव. जन्म १९०६, गाव बार्देशातलं रेइश मागुश. फाळणीआधी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा बँड होता. फाळणीने ते गेलं आणि ते मुंबईत आले. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपासून सत्तरीच्या दशकापर्यंत शंकर-जयकिशन यांची बहुतेक गाणी त्यांच्या हातून कागदावर उतरली. शंकर-जयकिशनांचं कुठलंही गाजलेलं गाणं लावा आणि एकदा गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त मागची व्हायोलिनं ऐका. मूळ चालीला धक्का न लावता तिच्याशी बोलणारी एक दुसरी चाल सापडेल. रागाची चौकट मोडायची नाही आणि तरी खाली पाश्चात्त्य स्वरसंवाद ठेवायचा, हे फार अवघड काम आहे. चुकीची एक कॉर्ड लागली तर अख्खा राग भलतीकडे जातो. सेबॅस्टियन यांच्या कागदावर तो भलतीकडे गेला नाही.

वादकांपैकी प्रत्येकजण दिवसभर असा शिस्तीत वाजवायचा, आणि रात्री क्लबात जाऊन मोकळं. तीन मिनिटांच्या गाण्यात सॅक्सोफोनच्या वाट्याला दहा सेकंद यायची. त्या दहा सेकंदांत रात्रीची मोकळीक किती शिरली आहे हे कान देऊन ऐकलं की कळतं.

सी. रामचंद्र आणि जॅझ यांचा संबंध किती खरा?

पूर्ण खरा, आणि मराठी ऐकणाऱ्याने अभिमान बाळगावा असा. रामचंद्र नरहर चितळकर, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे. शिक्षण हिंदुस्थानी रागसंगीताचं. पण कान इतका उघडा की बेनी गुडमनच्या क्लॅरिनेटनेही त्यांना तितकंच झपाटलं. १९४७ च्या ‘शहनाई’तलं ‘आना मेरी जान संडे के संडे’ हे त्याचं पहिलं मोठं फळ.

त्यांना हवा तो आवाज देणारा माणूस चिक चॉकलेट होता. चिक आर्मस्ट्राँगसारखा ट्रम्पेट वाजवायचा, तसाच घोगरा गायचा, हातात तसाच पांढरा रुमाल. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा आणि गीता बालीच्या ‘दीवाना ये परवाना’ या गाण्यात झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून खुद्द चिक आणि त्याचे साथीदार पडद्यावर दिसतात. एका मराठी नटाने काढलेला सिनेमा, मराठी संगीतकार, अल्दोन्याचा ट्रम्पेट. ते दृश्य जरूर बघा. त्याच वर्षी ‘नादान’ला चिकने स्वतंत्र संगीत दिलं. तलत महमूदचं ‘आ तेरी तस्वीर बना लूँ’ हे त्याचं. घोगऱ्या आवाजात दंगा करणाऱ्या माणसाकडे इतकी हळुवार चाल होती. १९६७ मध्ये, जेमतेम पन्नाशी गाठून, तो गेला.

‘ईना मीना डीका’बद्दल (१९५७, ‘आशा’) असं सांगितलं जातं की चाल बसवताना जॉन गोम्स या गोव्याच्या साहाय्यकाने त्यात ‘माका नाका’ घातलं. ‘माका नाका’ म्हणजे ‘मला नको’. हे सांगितलं की सिंधुदुर्गातले लोक खूश होतात, कारण हिंदी गाण्यात आपली बोली इतकी वर्षं दडून बसली होती हे त्यांना तेव्हाच कळतं.

‘अँथनी गोन्साल्विस’ खरोखर होते का?

होते. जन्म १९२७, माजोर्डा. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि उत्तम शिक्षक. त्यांच्या शिष्यांत प्यारेलाल शर्मा होते, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यातलं नाव हे त्या शिष्याने गुरूला केलेलं वंदन आहे. ते जॅझवाले नव्हते, हे मात्र लक्षात ठेवा. त्यांचं स्वप्न वेगळं होतं: भारतीय रागांवर सिंफनी वाद्यवृंद. १९५८ मध्ये त्यांनी झेवियर्स कॉलेजच्या आवारात तसा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, पुढे गावी परतले आणि २०१२ मध्ये वारले.

श्रेयनामावलीत यांची नावं का नसत?

संगीतकाराच्या नावाखाली सगळं जायचं. ‘साहाय्यक’ म्हणून कधी नाव आलं तर आलं. वादकाला त्या पाळीचे पैसे मिळाले की त्याचा गाण्यावरचा हक्क संपला, अशी पद्धत. गाणं पन्नास वर्षं वाजलं तरी ज्याने त्याचा पीस लिहिला त्याला पुढे काही नाही. हा अन्याय होता असं मी स्पष्ट म्हणतो. संगीतकारांचं मोठेपण त्याने कमी होत नाही. पण एका गाण्यामागे दोन डोकी होती हे सांगायला काही खर्च पडला नसता.

फक्त गोव्याचेच होते का?

नाही. पारशी मंडळी भरपूर: रुडी कॉटन, आणि तालवाद्यांतले कावस लॉर्ड व त्यांचा मुलगा केर्सी. बोंगो, कोंगासारखी लॅटिन वाद्यं हिंदी गाण्यात रुळली त्यात कावसकाकांचा वाटा मोठा. अँग्लो-इंडियन बँडही होते. पूर्वेकडून नेपाळी वादक आले. सॅक्सोफोनवादक मनोहारी सिंग कोलकात्याहून आले आणि राहुलदेव बर्मन यांच्या चमूचा कणा झाले. लुई बँक्स काठमांडू आणि कोलकाता करून मुंबईत स्थिरावले. १९८८ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ला चालीसाठी अशोक पत्की आणि संगीतसंयोजनासाठी लुई बँक्स अशी जोडी होती. तो बदलत जाणारा वाद्यमेळ आठवतो ना? तो एका जॅझवाल्याने बांधलेला आहे.

बायका नव्हत्या का या क्षेत्रात?

गाणाऱ्या होत्या, वाजवणाऱ्या फार थोड्या. कोलकात्यात पॅम क्रेन होत्या. मुंबईत लॉर्ना कोर्देरो, ज्यांच्याबद्दल पुढे येतंच. आणि आशा पुथली. मुंबईत वाढलेली, हिंदुस्थानी गायकी शिकलेली ही मुलगी अमेरिकेत गेली आणि ऑर्नेट कोलमन या बंडखोर सॅक्सोफोनवादकाच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीत दोन गाणी गायली. कोलमनच्या संगीतात ठरलेली कॉर्डची चौकटच नसते. तिथे तिच्या कामी आलं ते आपलं शिक्षण: चौकटीविना, फक्त सुरावर भरवसा ठेवून गाणं.

मिकी कोरिया यांची मुलगी ख्रिस्तीन न्यूयॉर्कची जॅझ गायिका झाली. ताजच्या बँडची पुढची पिढी अशी मूळ पेठेत पोहोचली.

कोकणी गाण्यांत जॅझ ऐकू येतो तो कुणाचा?

ख्रिस पेरी यांचा. मडगावचे, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्हींवर हात, मुंबईतल्या क्लबांत स्वतःचा बँड. त्यांनी लॉर्नाचा आवाज घडवला. ‘बेब्दो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’, ‘नाचूंया कुंपासार’ ही गाणी गोव्यातल्या प्रत्येक लग्नात वाजतात, पण बारकाईने ऐकलं तर मागे पक्का मोठ्या बँडचा बाज आहे. पितळी वाद्यांचे तुटक ठोके, मध्येच वर चढणारा ट्रम्पेट, आणि कोकणी शब्द त्यावर स्वार. पाश्चात्त्य संगीत म्हणजे इंग्रजी शब्द, हे समीकरण त्यांनी मोडलं. लॉर्ना पुढे बरीच वर्षं रंगमंचापासून दूर होत्या. १९९५ मध्ये त्या परतल्या तेव्हा गोवा लोटला होता. ख्रिस पेरी २००२ मध्ये गेले.

ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांनीही आयुष्याची कमाई कोकणीत ओतली. त्यांनी ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) हे सिनेमे काढले. मुंबईत मिळवलेलं गावाला परत देण्याची ही रीत मला फार जवळची वाटते.

राग आणि जॅझ यांचा मेळ कुणी घातला?

अनेकांनी, वेगवेगळ्या वाटांनी.

ब्राझ गोन्साल्विस, नेवऱ्याचे सॅक्सोफोनवादक, चिक चॉकलेटचे जावई. त्यांनी जॅझच्या आत रागांचे स्वरक्रम वापरायला सुरुवात केली आणि १९७० मध्ये ‘राग रॉक’ ही तबकडी काढली. अमांसियो डिसिल्व्हा, मुंबईत जन्मलेले गिटारवादक, साठीच्या दशकात लंडनला गेले. १९६९ मध्ये त्यांचं ‘इंटिग्रेशन’ आणि जो हॅरियट या जमैकन सॅक्सोफोनवादकाबरोबरचं ‘हम दोनो’ आलं. त्यांच्या गिटारमध्ये सतारीची नक्कल नाही. मींड आहे, पण ती गिटारची मींड आहे. मला हे दोन्ही संग्रह ब्राझपेक्षाही जास्त भावतात, पण हा आवडीचा भाग.

तिसरी वाट तालाची. त्रिलोक गुर्टू, जन्म मुंबई, १९५१. आई शोभा गुर्टू, माहेरच्या शिरोडकर, ठुमरीच्या थोर गायिका. घरात तबला. पुढे त्यांनी ड्रम आणि तबला एकाच मांडणीत आणले, जमिनीवर गुडघे टेकून वाजवण्याची स्वतःची पद्धत काढली, आणि ‘ओरेगॉन’ हा गट व गिटारवादक जॉन मॅक्लॉलिन यांच्याबरोबर जग पालथं घातलं. भारतीय लयीतली तिहाई जॅझच्या चौकटीत बसवली की समेवर येताना अंगावर काटा येतो. मराठी घरांत शोभाताईंची ठुमरी आणि गझल आवडीने ऐकली जाते. त्यांच्या मुलाचं काम मात्र फार कमी घरांत पोहोचलंय.

जॅझ यात्रा काय होती?

१९७८ मध्ये निरंजन झवेरी आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत सुरू केलेला महोत्सव. पहिल्याच वर्षी सॉनी रॉलिन्स आले. जागा रंगभवन, म्हणजे पुन्हा धोबीतलावच! जेर महाल, झेवियर्स आणि रंगभवन पायी काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. शेजारी रुग्णालयं असल्याने तो शांतता परिसर ठरला आणि २००३ च्या सुमारास रंगभवनातले रात्रीचे कार्यक्रम थांबले. नियमामागचं कारण रास्त आहे. तरी त्या बंद फाटकासमोरून जाताना मला वाईट वाटतं.

माझ्या मुलीला सॅक्सोफोन शिकायचाय. कुठून सुरुवात?

आधी स्वरलिपी. सोल्फेजच्या शिस्तीचा फायदा वर वाचलाच. मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आहे, खासगी संगीतशाळा आहेत, पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. पुण्या-नागपुरात चांगला शिक्षक शोधावा लागेल. चर्चच्या गायकवृंदाकडे किंवा पोलीस बँडच्या निवृत्त वादकांकडे चौकशी करा, तिथे फार चांगली माणसं भेटतात. त्याबरोबर हिंदुस्थानी गायन शिकत असेल तर ते बंद करू नका. दोन्ही कान हवेत.

ऐकायला सुरुवात कशाने करू?

या क्रमाने ऐका: ‘आना मेरी जान’, मग ‘दीवाना ये परवाना’, मग लॉर्नाचं ‘बेब्दो’, मग ‘हम दोनो’. चारही एकाच संध्याकाळी. पहिल्या फेरीत शब्द ऐका. दुसऱ्या फेरीत शब्द सोडून फक्त खालचा डबल बेस धरा. तो सापडला की बाकीचं आपोआप सापडत जातं.

आमच्या घरी आजोबांची वाद्यं आणि स्वरलिपीचे जुने कागद आहेत. काय करावं?

रद्दीत देऊ नका, एवढी हात जोडून विनंती. रेकॉर्डिंग झालं की त्या कागदाचं काम संपलं असं मानलं जायचं, त्यामुळे सिनेमासाठी लिहिलेली पानं फार थोडी उरली आहेत. कोरड्या जागी, सपाट ठेवा. रबर बँड लावू नका, सेलोटेप चिकटवू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. दोन्ही बाजूंचे स्वच्छ उजेडात फोटो काढा. मागच्या बाजूला सिनेमाचं नाव, स्टुडिओ, वाद्य किंवा तारीख असू शकते. घरात कुणी वयस्कर असेल तर त्यांच्यासमोर एकेक पान ठेवून ते काय सांगतात ते फोनवर ध्वनिमुद्रित करा. आणि शाईच्या स्वरांवर पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणा दिसल्या तर त्या खोडू नका. स्वर अरेंजरने लिहिलेले असतात. ते छोटे स्वल्पविराम मात्र वाजवणाऱ्याने स्वतः केलेले असतात, ट्रम्पेट ओठांवरून न काढता श्वास कुठे घ्यायचा हे लक्षात राहावं म्हणून.